न आलेल्या पाहुण्याचं भाषण

न झालेल्या कार्यक्रमाची बातमी मी एकदा छापून आणली होती. शिरपूरजवळच्या आमच्या गावात पाण्याच्या टाकीचं उद्घाटन होतं पाचला आणि वाशिमची शेवटची एसटी साडेतीनला. बातमीचं पाकीट कंडक्टरच्या हाती द्यायचं, तो ते पेपरच्या माणसाला स्टँडवर देणार. म्हणून मी दुपारीच लिहून टाकलं : ‘पाहुण्यांनी मौलिक मार्गदर्शन केलं, टाळ्यांचा कडकडाट झाला.’ पाहुणे आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी गावानं तो कडकडाट पारावर बसून वाचला.

तरी माझी ऐट काय कमी होती! दळण आणायला जातानासुद्धा पोलक्याला पेन खोचलेला. वाटेत लोक विचारायचे, “काय बाई, आज काय छापलं?” त्या एका प्रश्नावर मी जगत होते.

आता तो प्रश्न सुनेला विचारतात. तिला ना पाकीट लागतं, ना कंडक्टर. काठीला मोबाइल लावते, “नमस्कार मंडळी” म्हणते, की पुण्याला कामाला गेलेली पोरंही बघत बसतात. पोहरादेवीच्या यात्रेतून ती बोलत होती तेव्हा मी घरी बसून रेंज जाण्याची वाट बघत होते. गेली नाही मेली. वर शेजारीण माझ्याच ओट्यावर बसून मला सांगते, “तुमची सून लय झकास सांगते वो!” त्या दिवशी मी तिला चहा दिला नाही.

गेल्या महिन्यात नव्या टाकीचं उद्घाटन निघालं. वेळ अकराची. सून काठी घेऊन गेली. मी ठरवलं, आज गावाला आधी सांगणार ती मीच. अकरा वाजून दोन मिनिटांनी घरी बसूनच गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं : ‘उद्घाटन थाटात पार पडलं. पाहुण्यांनी मौलिक मार्गदर्शन केलं.’ लगेच एक अंगठा आला. मी फुलून गेले.

तेव्हाच सुनेच्या मोबाइलवरून सगळं गाव पाहत होतं : रिकामी खुर्ची, न कापलेली फीत आणि फितीखालून आरामात जाणारी शेळी. ग्रुपवर हसऱ्या तोंडांची रांग लागली. शेजारणीनं एकटीनं तीन टाकली.

पाहुण्यांचा निरोप आला, उद्या येतो. सून घरी परतली तेव्हा मी भाकरी थापत होते. मान वर केली नाही. जुन्या टाकीची गोष्ट तिला कुणीतरी हळदीच्या दिवशीच सांगितलेली, हे मला ठाऊक होतं. तिनं काठी कोपऱ्यात उभी केली, परातीजवळ बसली आणि म्हणाली,

“आत्याबाई, तुमचा पाहुणा तवाबी आला नाई, आताबी आला नाई. उद्या माह्यासंग चाला. काठी तुमी धरा, पण तो गाडीतून उतरेपर्यंत त्याच्या टाळ्या वाजवू नोका.”