पाचपैकी पाच

समुद्रकाठच्या केपलिन आर्म गावच्या एफी पार्डीला तक्रार करायला कुणी शिकवलंच नव्हतं. एकतीस वर्षं खेकड्यांच्या कारखान्यात वाफेत उभी राहून तिने कवचं फोडली, छातीत दमा घेऊन घरी आली, आणि त्यावरही "सगळ्यांनाच होतो" म्हणाली. असल्या माणसांच्या जिवावरच सरकारं सुखाने झोपतात.

मार्चमध्ये नवऱ्याच्या, लुईसच्या छातीत कळ आली, तेव्हा गावच्या छोट्या इस्पितळात डॉक्टरच नव्हता. दोघं नऊ तास खुर्च्यांवर बसून राहिली. नर्स ग्लेंडा, एफीच्या मावसबहिणीची मुलगी, सारखी येऊन लुईसची नाडी बघत होती. स्वतःच्या डब्यातलं सँडविचही तिने मावशीला दिलं. लुईस नशिबाने वाचला.

पंधरा दिवसांनी आरोग्य खात्यातून एका मुलीचा फोन आला. इस्पितळाच्या सेवेवर एक ते पाच, किती समाधानी?

"पाच."

"थांबावं लागलं त्याबद्दल?"

"पाचच लिही, बाई."

"अगं, नऊ तास!" लुईस ओरडला. "मरत होतो मी तिथे!"

"मेलास का? मग गप बस." एफीने फोनवर हात ठेवला. "कमी दिले तर बोलणी ग्लेंडाला बसतील. आपलेच दात, आपलेच ओठ."

एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण चर्चमध्ये पत्ते खेळायला जमणाऱ्या बायकांनाही तिने बजावलं, "फोन आला की पाच म्हणा गं. पोरींच्या पोटावर पाय नको." सगळ्यांनी पाच म्हटलं.

जूनमध्ये खात्याचा साहेब आला. चर्चच्या हॉलमध्ये चहा पिऊन, काकवीचा बन खाऊन त्याने सांगितलं, की अख्ख्या प्रांतात सर्वांत समाधानी लोक इथले. म्हणून नवा डॉक्टर पलीकडच्या शहराला. तिथे वकील आणि बंगलेवाले राहतात, तासभर थांबावं लागलं तरी पेपरात पत्रं लिहितात. त्यांनी दोन दिले होते. इथला तातडीचा विभाग आता शनिवार-रविवार बंद. अडलं-नडलं तर शंभर किलोमीटर जायचं.

एफी उठली. "साहेब, आम्ही खोटं बोललो."

"आकडे तुमचेच आहेत, बाई," साहेब गोड हसला.

बाहेर ग्लेंडा डोळे पुसत उभी होती. "मावशी, डॉक्टर द्या म्हणून दोन वर्षं आम्ही अर्ज करतोय. रुग्णांना विचारून बघतो, म्हणाले खात्यातले. तुमच्यावरच भिस्त होती गं."

"मग बोलली का नाहीस, कार्टे?"

"आम्हाला बोलायची बंदी आहे."

एफीला संताप आला, पण तो कुणावर काढावा ते कळेना. लुईस गाडीत बसून होता.

"काय म्हणाले?"

"शनिवार-रविवारी मरू नकोस म्हणाले."