माळ्यावरचं रॉकेल

शेजारणीकडं वैशाखातलं रॉकेल आषाढातही शिल्लक असायचं आणि माझं पंधरा दिवसांत संपायचं. लग्नानंतरची पहिली चार वर्षं मला हे एवढं एकच दुःख पुरलं. नवरा पलटणीत होता, वर्षातून एकदा रजेवर यायचा. पण त्या दुःखाचा नंबर दुसरा. आज सांगताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सासरचं गाव सांगलीजवळ, कृष्णेच्या काठावर. मी साताऱ्याकडची, डोंगरातली. आमच्याकडं पाऊस पडला की पाणी खाली पळून जातं, आणि इथं ते आमच्या दारात येऊन थांबायचं. दोन-तीन वर्षांतून एकदा तरी गावाला पाण्याचा वेढा पडायचा. सांगलीचा रस्ता बंद, पिठाची गिरणी बंद, रेशनचं दुकान बंद, आणि ज्यांच्या घरी वीज आली होती त्यांची वीजही बंद. म्हणून आषाढ लागायच्या आत घरोघरी बेगमी व्हायची. ज्वारीची पोती माळ्यावर चढायची, शेणी-काटक्या उंच फळीवर जायच्या, मीठ, चटणी, गूळ, काड्यापेट्या जागच्या जागी लागायच्या. आणि रॉकेल. कुणाची सून कशी, हे गावात बेगमीवरून ठरायचं.

आमच्या घरात आम्ही तिघीच. माझी दोन वर्षांची मुलगी, मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्ती म्हणायचे. आत्ती रोज एकदा शेजारी जाऊन यायच्या आणि मग माझ्यासमोर बसून शेजारणीच्या बेगमीचं कौतुक सुरू करायच्या. शेजारचं घर जैन शेतकऱ्यांचं. तिथल्या थोरल्या सुनेला सगळे अक्का म्हणायचे. तिच्या डाळीला एरंडेल चोळलेलं, तांदळात कडुलिंबाचा पाला, काड्यापेट्या काचेच्या बरणीत, प्रत्येक डब्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं. मी एकदा ते सगळं डोळ्यांनी बघून आले आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

"अक्काचा डबा बगून ये जरा," आत्ती म्हणायच्या. "कार्डावर रॉकेल तेवढंच, खाणारी माणसं आपल्या दुप्पट, तरी उरतंय. तुज्याच हाताला काय भोक हाय का गं?"

मला आत्तींकडून एकच गोष्ट हवी होती. एकदा, फक्त एकदा, त्यांनी मला 'बरं केलंस' म्हणावं. आणि ते अक्काच्या देखत म्हणावं. नुसतं म्हणून माझं भागणार नव्हतं.

रेशनचा दुकानदार तिला माप वाढवून देतो, अशी मी माझ्या मनाशी खात्री करून टाकली होती. रांगेत तिच्या मागं उभी राहून मी त्याच्या हाताकडं टक लावून बघायचे. तो सगळ्यांना सारखंच ओतायचा, आणि मला वाटायचं, मी बघतेय म्हणून सारखं ओततोय.

त्या वर्षी मी चंग बांधला. फाल्गुनापासून स्टोव्ह पेटवला नाही, चहासुद्धा शेणींवर केला. कंदिलाची वात इतकी बारीक ठेवली की आत्ती ताटात चाचपडत जेवायच्या. असं वाचवून वाचवून एक तेलाचा जुना डबा गळ्यापर्यंत भरला आणि कुणाला न सांगता माळ्यावर, ज्वारीच्या दोन पोत्यांच्या मध्ये खुपसून ठेवला. पूर आला, गावात अंधार झाला, की मी तो खाली काढणार होते. अक्का बाटली घेऊन माझ्या दारात येणार होती. मी बाटली भरून देणार होते, आत्तींच्या डोळ्यांसमोर. भाकरी थापता थापता हे चित्र मी किती वेळा रंगवलं असेल.

श्रावणात पाणी चढलं. पहिल्या दिवशी दिवेलागणीला मी अंधारात घाईघाईनं डबा खाली आणला, तो हलका लागतोय हेही मनावर घेतलं नाही, आणि कंदिलाची वात मोठी केली. घर उजळलं. बाहेर येऊन बघते तर अक्काच्या घरात मिट्ट काळोख. मला इतका आनंद झाला की काय सांगू. संपलं वाटतं! मी दाराशी बसून तिच्या बाटलीची वाट बघितली. ती आली नाही. आत्ती आतून ओरडल्या, "वात बारीक कर गं, सण हाय काय आज?"

दुसऱ्या दिवशी पीठ संपलं. गिरणी बंद, म्हणून माळ्यावरून ज्वारी काढली आणि जातं मांडलं. दळायला लागले तसा नाकात वास शिरला. आधी वाटलं माझ्या हाताला येतोय. हात राखेनं घासले, परत दळलं. एक भाकरी केली आणि तुकडा मुलीला दिला. तिनं तोंड वाकडं करून तो थुंकला. मी चावून बघितला. रॉकेल, निव्वळ रॉकेल.

डब्याची शिवण खालून पाझरत होती. दोन महिने थेंब थेंब करत एक पोतं पुरतं भिजलं होतं आणि दुसऱ्याला वास लागला होता. पावसाळ्याचं सगळं धान्य मी माझ्या हातानं घालवलं होतं. तपकिरीनं आत्तींचं नाक कामातून गेलेलं, म्हणून त्यांना पत्ता नव्हता. पण जीभ शाबूत होती, आणि जेवायची वेळ होत आली होती.

आमच्या आळीत आणखी वीस घरं होती. पण पाण्यातून न जाता गाठता येईल असं एकच होतं. पदराखाली रिकामी पाटी घेऊन मी अक्काच्या मागल्या दारानं आत गेले. ती धान्य निवडत होती. मी जवळ गेले तसा तिला वास आला, तिनं माझ्या हाताकडं बघितलं, आणि तिला सगळं कळलं. मला तिथल्या तिथं परत फिरावंसं वाटलं.

"किती दिसाचं पायजे?" तिनं विचारलं.

"चार."

"तयार पीठ न्हाई बग. पावसाळ्यात आमी शिळं पीठ ठेवत न्हाई. दळूनच देते. बस समोर."

एका खुंट्याला दोघींचे हात, आणि मध्ये तिची स्वच्छ, पांढरीशुभ्र ज्वारी. शेवटी माझ्यानं राहवलं नाही. "अक्का, तुमच्यात एवढं रॉकेल उरतंय कसं?"

तिला प्रश्नाचंच नवल वाटलं. "आमी दिवस मावळायच्या आत जेवतोय की. सगळी भांडी उजेडात घासून हुत्यात. मग दिवा कशाला लागतोय?"

चार वर्षं मी हे रोज बघत होते. ती भांडी घासायची तेव्हा माझी आमटी चुलीवर चढायची. त्यांच्या धर्माचा तो रिवाज गावात कुणाला ठाऊक नव्हता? मलाही होता. पण रॉकेलचा हिशेब मी दुकानदाराच्या मापात शोधत बसले होते. तिनं लबाडी केली असती तर मला किती बरं वाटलं असतं!

तिनं पाटी भरली, वर फडकं टाकलं आणि म्हणाली, "आल्या वाटंनंच जा. पुढं तुमच्या सोप्यात मावशी बसल्यात." आत्तींना कळू नये म्हणून! मी तिच्या जागी असते तर पुढच्याच दारानं पाठवलं असतं. तिच्या बरण्या, तिचा डबा, कशाचाच मला त्या क्षणी तिच्या चांगुलपणाचा वाटला एवढा हेवा कधी वाटला नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी पाणी उतरायला लागलं. आत्ती सोप्यात जेवत होत्या. अक्का चिखल तुडवत विचारपूस करायला आली आणि खांबाशी टेकून बसली. आत्तींनी भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला, हळूहळू चावला.

"अक्का," त्या म्हणाल्या, "तुजी बेगमी लय वाखाणली मी आजवर. पण यंदा आमच्या पोरीनं बरं केलं बग. काय गोड लागतीया ज्वारी!"

चार वर्षं ज्याची वाट बघितली ते शब्द, आणि तेही अक्काच्या देखत. मी तव्यापाशी होते. एका वाक्यात खरं सांगता आलं असतं. मी अक्काकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"व्हय मावशी," ती म्हणाली, "तुमची ज्वारी गोडच असती."

मी उठले आणि आत्तींच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली.