वासराला श्रद्धांजली

व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलमधून काढून टाकायचा होता. मी घाईत ‘डिलीट फॉर मी’ दाबलं. म्हणजे तो फक्त माझ्याच मोबाइलमधून गेला आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर बाकी सगळ्यांकडे सुखरूप राहिला. आता मला तो बघताही येईना आणि पुसताही येईना. चष्मा लागलेल्या माणसाने असली बटणं चष्मा घालून दाबावीत, एवढी साधी गोष्ट.

व्हिडिओत आमची मुलगी होती, तेव्हा दहा वर्षांची. हॉलमधल्या दिवाणावर पालथी पडून पुस्तक वाचता वाचता रडत होती.

मुलगी इंग्रजी शाळेत. तिने मराठी वाचावं, म्हणून दोन वर्षं मी तिच्या मागे लागलो होतो. पद्धत माझ्या शाळेतल्या बाईंकडून जशीच्या तशी उचललेली. रोज एक पान, पाच शब्दांचे अर्थ वहीत आणि शेवटी तात्पर्य. एकदा एका कावळ्याच्या गोष्टीचं तात्पर्य विचारलं, तर म्हणाली, “कावळ्याला भूक लागली होती.” मी म्हटलं, हे तात्पर्य नाही. ती म्हणाली, “मग त्याला जेवू दे ना.” तू स्वतः हल्ली काय वाचतोस, असं बायकोने मला तेव्हा विचारलं होतं. मी विषय बदलला.

त्या रविवारी दुपारी मात्र अजब घडलं. मुलुंडच्या वाचनालयातून आणलेलं, पुठ्ठा निघालेलं एक जुनं गोष्टींचं पुस्तक तिने आपणहून उचललं. मी पेपर तोंडासमोर धरून गप्प बसलो. मध्येच तिने विचारलं, “बाबा, दावं म्हणजे?” मी म्हटलं, गुरांना बांधायची दोरी. खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याचा पट्टा असतो ना, तसं. ती पुन्हा पुस्तकात गेली. गोष्टीतलं वासरू मरतं आणि गाय रोज संध्याकाळी त्याचं रिकामं दावं हुंगत उभी राहते, अशी ती गोष्ट. मला ती नंतर तिच्या आईकडून कळली. तेव्हा मला फक्त नाक ओढल्याचा आवाज आला. पाहतो तर पोरीच्या डोळ्यांना धारा.

त्या वेळी पाण्याचा पेला तिच्याजवळ ठेवला असता, तरी पुरे होतं. पेपरात डोकं घालून बसून राहिलो असतो, तर आणखी उत्तम. मी मोबाइल काढला. वर बायकोला हाक मारली, ये, बघ, मराठी वाचून रडतेय. बायको कोळंबी सोलत होती. तशाच हातांनी बाहेर आली आणि म्हणाली, “अरे, तिला रडू दे ना.” पण तोवर व्हिडिओ ग्रुपवर गेला होता.

त्याखाली मी मातृभाषेबद्दल दोन ओळी लिहिणार होतो. त्यांची जुळवाजुळव होईपर्यंत बी विंगमधल्या एका काकांनी आवाज बंद ठेवूनच रडणारी मुलगी पाहिली आणि लिहिलं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. आमच्या ग्रुपवर एकाने श्रद्धांजली वाहिली, की कोण गेलं हे मागचे विचारत नाहीत. दहा मिनिटांत जोडलेल्या हातांची रांग लागली. समोरच्या गुजराती वहिनी दारात येऊन हळू आवाजात म्हणाल्या, संध्याकाळचा स्वयंपाक करू नका, मी पाठवते. आत कोळंबीचा घमघमाट सुटला होता.

मग ते डिलीटचं प्रकरण झालं.

दुसऱ्या दिवशी खाली खेळताना मुलांनी तिला विचारलं, कोण मेलं? तिने खरं ते सांगितलं. वासरू. तेव्हापासून ती लिफ्टमध्ये शिरली, की मागून कुणीतरी हंबरायचं. मी त्या मुलांच्या आईबापांशी बोललो. त्याने एवढंच झालं, की मोठी माणसंही मला बघून हसू दाबायला लागली. महिन्याभराने हंबरणं थांबलं. पुस्तक तिने मिटलं ते मिटलंच. वाचनालयात परत करायलाही मीच गेलो.

याला दोन वर्षं झाली. मी सगळं करून पाहिलं. तात्पर्य बंद केलं, वही बंद केली. पुस्तकं दिवाणावर, खिडकीत, जेवणाच्या टेबलावर सहज विसरल्यासारखी ठेवली. ती पुस्तक बाजूला सारते आणि तिथे आपलं ताट ठेवते. शाळेतल्या मराठीत गुण उत्तम पडतात. ‘हा धडा तुम्हाला का आवडला?’ याचंही उत्तर ती चोख लिहिते, पाच ओळींत.

गेल्या रविवारी तेच पुस्तक पुन्हा आणलं आणि मोठ्याने वाचायला बसलो. ती खिडकीपाशी नखं कापत होती. उठून गेली नाही. मी वाचत वाचत गोष्टीतल्या गोठ्यापर्यंत आलो. नेलकटरचा आवाज थांबल्यासारखा वाटला आणि मी चष्म्यावरून हळूच तिच्याकडे पाहिलं. एवढंच केलं.

ती माझ्याकडेच बघत होती.

“बाबा, तू परत बघतोयस.”

आवाजात राग असता, तर मी समजूत तरी घातली असती. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलंसुद्धा नाही.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिला विचारलं, ही आता वाचणारच नाही का गं? ती म्हणाली, वाचेल असं नाही वाटत. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी पुस्तकात बघत राहिलो. बघतच होतो, म्हणून पुढचं मनातल्या मनात वाचलं. गाय दावं हुंगत होती. दोनदा हे पुस्तक घरी आणलं, पण ही गोष्ट मी स्वतः कधी वाचलीच नव्हती. अक्षरं पुसट झाली. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, तरी पुसटच.

बायको ओट्याकडे वळली आणि पाठमोरीच म्हणाली, “वाच तू. मी काही बघितलं नाही.”