पांढऱ्या रंगाची बादली

बहरीनमधल्या वसंतावर माझा विश्वास नाही. तो खिडक्या उघडायला लावतो, एसी बंद ठेवायला लावतो, आणि आपण जरा सैलावलो की आपल्याला उन्हाळ्याच्या ताब्यात देऊन पसार होतो. तरी दर वर्षी मी फसतेच.

यंदा मला त्याची गरजही होती. अख्खी थंडी मी ब्रशला हात लावला नव्हता. नवरा पहाटेच कंपनीच्या बसने सित्र्याला कामावर जायचा, मुलगी शाळेत, आणि मी गुदैबियातल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये खुर्ची टाकून समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे. त्या भिंतीवर इथे आलो त्या वर्षी मीच काढलेला भलामोठा कडुनिंब होता. तो मला आणि मी त्याला पुरते विटलो होतो. घरात कुणी काही विचारलं तर मी हं म्हणायचे, तेवढंच.

मार्चमधल्या एका सकाळी खिडकीतून छान गार वारा आला आणि ठरलं, झाड पुसायचं, नवं काढायचं. मनाम्याच्या जुन्या बाजारातून पांढऱ्या रंगाची बादली आणून बाल्कनीत ठेवली. घरात बोलले नाही. चित्र सुरू होण्याआधी त्याबद्दल बोललं की माझा त्यातला जीवच जातो.

दुसऱ्या दिवशी बादली गायब.

"बाल्कनीतली बादली पाहिली का?" मी नवऱ्याला विचारलं.

"कोणती बादली?"

ज्या माणसाला फ्रिजमधली लोणच्याची बरणी जरा सरकलेली कळते, त्याला एवढी मोठी बादली दिसली नव्हती! माझं डोकं लगेच कामाला लागलं. मग लक्षात आलं की तो हल्ली फोन घेऊन जिन्यात जातो आणि मी दार उघडलं की "ठीक आहे, ठेवतो" म्हणून गप्प होतो. मुलीला विचारलं, तर "आय डोन्ट नो मम्मा, आस्क बाबा." उत्तर जरा जास्तच पटकन आलं.

त्यात खाली वॉचमनने गाठलं. "मॅडम, आप लोग जा रहे हो क्या? फ्लॅट खाली होगा तो बोलना, मेरा एक दोस्त ढूँढ रहा है."

आमच्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट सोडताना भिंती पांढऱ्या करून द्याव्या लागतात. म्हणजे नवऱ्याचं ठरलं होतं. मला आणि मुलीला नागपूरला माझ्या भावाकडे पाठवायचं आणि आपण कुठेतरी बॅचलर खोलीत राहायचं. आमच्याच मजल्यावरच्या एक बाई अशाच सुट्टीला म्हणून गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. आणि भिंती रंगवायला माझीच बादली! मला भयंकर राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तो पोहे करत असताना मी घर उलथंपालथं केलं. बादली कपाटावर, सुटकेसच्या मागे निघाली. ती उचलून ओट्यावर आदळली.

"आम्हाला कधी पाठवून राहिला?"

त्याने गॅस बंद केला. "मी? पांढरा रंग तू आणला. वॉचमनने तुला वर आणताना पाहिलं, मला विचारलं कधी निघता म्हणून. थंडीभर एक शब्द बोलली नाहीस. मला वाटलं तू जाऊन राहिली. म्हणून लपवली."

"बादली लपवली की मी थांबणार होते?"

"दुसरं काय करणार होतो?"

"आणि जिन्यात कोणाशी बोलायचास?"

"तुझ्या भावाशी. त्याला काही बोललीस का, विचारत होतो."

मला हसू फुटलं. तो हसला नाही. "खरं सांग. जाणार होती की नाही?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण जानेवारीत त्या खुर्चीत बसून मी मनातल्या मनात भावाच्या घरातली मागची खोली लावून टाकली होती. पलंग कुठे, रंगांचं टेबल कुठे, मुलीची शाळा कोणती, सगळं. त्या खोलीत नवरा कुठेच नव्हता.

"जाणार होते," मी म्हटलं. "आता नाही. आता मला चित्र काढायचंय."

त्याने मान हलवली, पण त्याला पटलेलं नव्हतं. पोहे तसेच कढईत राहिले. बादली त्यानेच उघडली, रंग ढवळला, रोलर माझ्या हातात दिला आणि खुर्चीच्या कडेवर जाऊन बसला. कडुनिंब वरून खाली नाहीसा होत गेला, आणि नवरा झाडाकडे नाही, माझ्याकडे बघत होता. भिंत कोरी झाली तेव्हा म्हणाला, "आता काढ."

"ओल्या भिंतीवर काढत नाहीत. वाळू दे."

"मला नाही समजत ते. तू एक रेघ मार, मी पाहतो."

मी रेखाटायचा कोळसा घेतला. तो ओल्या रंगात रुतला, जाड, फरफटलेली रेघ उमटली. इतकी वाईट रेघ मी आयुष्यात मारली नसेल. मी वळून पाहिलं.

तो अजून खुर्चीच्या कडेवरच बसला होता. "अजून एक," म्हणाला.