गुणाबाईने तुळशीरामला मरू दिलं नाही

गावात सगळे म्हणतात, गुणाबाई म्हणजे माऊली. माऊली कसली! मी तिथल्या उपकेंद्रात अकरा वर्षं नर्स होते. तिच्याइतका डूख धरणारी बाई मी अख्ख्या भिवंडी तालुक्यात पाहिली नाही. आणि तिच्याइतकं मी कुणाला मानलंही नाही.

अंजूरच्या पुढचं ते गाव. शेतं गेली, गोडाऊनं उभी राहिली. हिवाळ्यात सकाळी गोडाऊनच्या फाटकांवर वॉचमन पॉवरलूमच्या चिंध्या जाळून शेकत बसायचे आणि तो काळा धूर गावावर उतरायचा. दम्याची म्हातारी माणसं पार होळीपर्यंत खोकत असायची. दर थंडीत दोन-तीन जायचीच. म्हणून २००७च्या दिवाळीनंतर मी दमा, साखर, बीपी असलेल्या म्हाताऱ्यांची यादी केली. रोज कुणीतरी घरी जाऊन बघायचं, असं ठरवलं. गुणाबाई माझी मदतनीस, साठीची विधवा. तिने यादी वाचून घेतली आणि म्हणाली, "तुळशीरामाचं घर मना द्या."

तुळशीराम अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, गावकीचा जुना पंच. त्याला दमाही आणि साखरही. त्या दोघांचं वैर मी उडत उडत ऐकलं होतं. मला वाटलं, केवढं मोठं मन या बाईचं! मीच खुळी.

खरी गोष्ट तिच्या मुलाने, मितेशने सांगितली. १९८४ साली गुणाबाईच्या नवऱ्याने, विठूने, तहसीलदारासमोर साक्ष दिली की गावच्या गुरचरणाला तुळशीरामने कुंपण घातलंय. तुळशीरामने गावकी बसवली आणि स्वतः उभं राहून विठूचं घर वाळीत टाकलं. त्याच पौषात विठूला दमा चढला. गावात टेम्पो एकच, तोही तुळशीरामचा. गुणाबाई त्याच्या अंगणात उभी राहून हाका मारत होती. त्याने आतून कडी घातली. उजाडताना विठू गेला. खांदा द्यायला तिच्या माहेरचे चौघे आले.

पुढे जमिनी विकल्या गेल्या, पैसा आला, गाव तिच्याकडे जेवूखाऊ लागलं. पण तिथली रीत अशी, की ज्याने वाळीत टाकलं त्यानेच गावकीत उभं राहून, नाव घेऊन, शब्द मागे घ्यायचा आणि त्या घरचं पाणी प्यायचं. ते कधी झालंच नाही. मितेश म्हणायचा, "आई, आता कोन पाळतो ते?"

"मी पाळते," ती म्हणायची. "तुझा बाप वाळीतच मेलाय."

बाकीचे पंच मरून गेले होते. शब्द उच्चारणारा तुळशीराम तेवढा उरला होता. तो न बोलता गेला असता, तर विठू कायमचा वाळीतच राहिला असता. माघात देवीच्या जत्रेआधी गावकी बसायची. तोवर म्हाताऱ्याला जगवायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

मग काय, तिने त्याला धारेवरच धरलं. धूर निवळल्याशिवाय, म्हणजे नऊच्या आत, अंगणात पाऊल टाकू द्यायची नाही. विडीचं बंडल सरळ चुलीत. आंघोळीला ऊन पाणी, डोक्याला कानटोपी, दम्याचा पंप ओढला की समोर उभी राहून चूळ भरायला लावायची. एकदा तो शेकोटीला पाय लावून बसला होता. साखरेमुळे पाय बधिर, तळवा भाजत होता तरी त्याला पत्ता नाही. हिने पाय खस्सकन मागे ओढले आणि ओरडली, "पाय सडून मरशील! मना विचारल्याशिवाय मरायचं न्हाय!" त्याची सून मला म्हणाली, "सख्खी मुलगीसुद्धा इतकं करत न्हाय हो." मी हसू दाबलं.

पण म्हाताराही काही कच्चा नव्हता. डिसेंबरात त्याच्या गादीखाली नऊ दिवसांच्या गोळ्या सापडल्या. पंप गव्हाच्या डब्यात. गुणाबाईने जाब विचारला तेव्हा तो दात नसलेल्या तोंडाने हसला.

"मी मेलो का तू हरलीस, गुने."

त्या दिवशी ती उपकेंद्रात येऊन रडली. दयेने नव्हे, रागाने. त्यानंतर ती गोळी त्याच्या जिभेवर ठेवायची आणि गिळेपर्यंत त्याची हनुवटी धरून बसायची. मला ते पटत नव्हतं. मी तिला थांबवलं का? नाही.

जानेवारीत भर दुपारी त्याला धाप लागली. मुलगा भावेश कशेळीला गोडाऊनवर. गुणाबाईने रस्त्यात आडवं उभं राहून रिक्षा थांबवली, म्हाताऱ्याला पोरासारखं उचलून आत बसवलं. मी एका बाजूला पंप धरून, ती दुसऱ्या बाजूला. ओठ निळे पडलेले, त्याची मूठ तिच्या पदरावर आवळलेली.

"विठूची मूठ पन अशीच वळली होती," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "तू कडी घातलीस. डोले मिटू नको. ऐक."

मी म्हटलं, "गप बसा हो, बाई!" ती गप बसली नाही. भिवंडी येईपर्यंत ती त्याला ती सकाळ सांगत राहिली, कसं ऊन ऊन पाणी विठूच्या घशाखाली उतरेना तिथपासून. तुळशीरामच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धापेने असेल, आणखी कशाने असेल. मला त्याची कीव आली नाही, हे आजही सांगते.

माघात देवळात गावकी बसली. तुळशीराम काठी टेकत स्वतःच उठला. म्हणाला, "विठूचं घर मी वाळीत टाकलं होतं. तो खरं बोलला होता. टेम्पो मी दिला न्हाय. शब्द मागे घेतो." गुणाबाईने तांब्या पुढे केला. तो घटाघटा प्यायला.

बाहेर आल्यावर तो पायरीवर टेकला. "झालं ना तुझ्या मनासारखं? आता मना सोड. गोल्या नको, पंप नको. थकलो मी."

"विठू चोवीस वर्षं वाळीत होता," गुणाबाई म्हणाली. "तू एक दिवस बोललास. पुढच्या माघात परत बोलायचं, त्याच्या पुढच्या माघातही. तोंड उघड."

आणि तिने पंप हलवून त्याच्या ओठांशी धरला.