बंद खिडक्यांच्या हॉलमधली पवनचक्की

भुताखेतांच्या गोष्टी मला कधीच खऱ्या वाटल्या नाहीत. आमच्या तुमसरला नाल्याकाठच्या चिंचेखालून जाताना मोठी माणसं रामनाम घेत, आणि मी तिथेच बसून चिंचा खायचो. त्यामुळे हे लिहिताना धास्ती आहे ती भुताची नाही, तुम्ही हसाल याची. शाळा सातवीतच सुटली माझी. लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या.

साल बहात्तर. कलकत्त्यात गार्डन रीचला एका लहानशा वर्कशॉपमध्ये मी होतो. जहाजांवरचे मोठे पंखे दुरुस्तीला येत. वाकलेली पाती सरळ करायची, पंखा समतोल फिरतो का बघायचं, हे माझं काम. गावापासून इतक्या लांब आपलं म्हणावं असं एकच घर — बालीगंजचे परांजपे साहेब. सरकारी इंजिनियर, बदलीवर आलेले. मला टायफॉइड झाला तेव्हा वहिनींनी घरी ठेवून घेतलं, पेज करून घातली. नात्याचा ना गोत्याचा मी! ते ऋण आजही आहे.

एका रविवारी जेवताना साहेब म्हणाले, "वासू, येत्या शनिवारी इस्त्रीचा शर्ट घाल. तुला जज व्हायचंय."

मी घास ताटात ठेवला.

"इथल्या शाळेत पोरांची पवनचक्कीची स्पर्धा आहे. मी आहे, फिजिक्सचे सेनबाबू आहेत. तिसरे आजारी पडलेत."

"साहेब, मी सातवी नापास—"

"नापास नाही, सोडलीस. फरक आहे."

"अहो, त्याला जेवू तर द्या," वहिनी म्हणाल्या. "जज उपाशी राहील."

शनिवारी गेलो. माझ्या तोंडून काही वेडंवाकडं गेलं तर मान साहेबांची जायची.

बाहेरच्या वाऱ्याने घोळ होऊ नये म्हणून हॉलची दारं-खिडक्या लावून घेतली होती. टेबलावर खडूची रेघ. रेघेच्या अलीकडे टेबलफॅन, पलीकडे मुलाने आपली पवनचक्की ठेवायची. चक्कीच्या दांड्याला दोरा, दोऱ्याला लोखंडी नट. फॅन लावला की चक्कीने दोरा गुंडाळत नट वर उचलायचा. माझी खुर्ची टेबलाला लागूनच. साहेब आणि सेनबाबू जरा मागे. पालक बाकांवर बसून वारा घालून घेत होते.

तपन नावाच्या मुलाची पाळी आली तेव्हा सेनबाबू माझ्याकडे वाकले. हिंदीत म्हणाले, "ही पाती याच्या मोठ्या भावाने कापून ठेवली होती. स्वपन. गेल्या दुर्गापूजेच्या आधीपासून बेपत्ता आहे."

अधिक सांगायची गरज नव्हती. नक्षलवाद्यांच्या त्या दिवसांत कलकत्त्यात कॉलेजची पोरं अशी नाहीशी होत. कुणी पकडलेली, कुणी लपलेली, कुणी... काही कळतच नसे.

"ती त्याची आई," सेनबाबूंनी पांढऱ्या साडीतल्या बाईंकडे डोळ्याने दाखवलं. "शेजारी थोरले दीर. घर त्यांच्या शब्दावर चालतं. ते म्हणतात, येत्या महालयाला मुलाच्या नावाने तर्पण करून टाकू. आई ऐकत नाही."

महालया म्हणजे आपली सर्वपित्री. चारच दिवसांवर होती. जिवंत असेल अशा मुलाच्या नावाने पाणी सोडायचं...

फॅन लागला. बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याची पाती फिरू लागली, नट थोडा वर आला — आणि लाइट गेली.

"गेली!" पोरं ओरडली. हे नेहमीचंच. फॅन मंदावला, थांबला. चक्कीही थांबली, नट खाली येऊन टेबलाला टेकला. साहेब आणि सेनबाबू शिपायाला हाका मारत दाराकडे गेले. खिडक्यांच्या काचांतून मळकट उजेड येत होता.

तेवढ्यात चक्की पुन्हा फिरायला लागली.

सावकाश. एका चालीने. नट टेबलावरून उचलला गेला.

मला वाटलं, आपण टेबलाला धक्का दिला. मी बोट लावून पातं थांबवलं. बोटावर दाब जाणवला — रोज पंखे हाताळणारा माणूस मी, वाऱ्याचा जोर कसा लागतो ते माझ्या बोटाला माहीत आहे. बोट काढलं, पुन्हा फिरली. खिशात हात पुसायचं कॉटन वेस्ट, सुताचा गुंता, असायचंच. त्यातला एक धागा काढून पात्यांसमोर धरला. धागा सरळ खाली लोंबत राहिला. हलला नाही. मागे धरला. नाही. आणि नट वर वर चाललेला.

थोरले दीर उठून उभे राहिले. "बौमा," ते भावजयीला म्हणाले, "आता तरी मान. आलाय तो. त्याला पाणी हवंय."

तपन रडायला लागला. त्याची आई उठून टेबलापाशी आली, चक्कीसमोर हात धरून क्षणभर उभी राहिली. मग माझ्याकडे वळली.

"बाबा, तुम्ही परीक्षक," ती मोडक्या हिंदीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. तिकडे लहानांनाही मायेने बाबा म्हणतात. "तुम्ही सांगा. वारा होता का?"

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. धागा अजून माझ्या चिमटीत होता...

"होता," मी म्हणालो. "खिडकीच्या फटीतून येत होता. मला लागला."

थोरले दीर हळूच खाली बसले. शिपायाने खिडक्या उघडल्या आणि त्याच वेळी चक्की थांबली. बाहेर पान हलत नव्हतं.

परतताना ट्राममध्ये साहेबांनी विचारलं, "वासू, फट होती?"

"होती, साहेब."

मला कितीतरी दिवस झोप लागली नाही. तो मुलगा खरंच गेला असेल, तर मी त्याला तहानलेला ठेवला होता.

थंडी सरता सरता स्वपन घरी आला. जिवंत! बिहारमध्ये कुठल्याशा खेड्यात नाव बदलून राहिला होता. सेनबाबूंनी साहेबांना सांगितलं, साहेबांनी मला. वहिनींनी त्या दिवशी गोडाचा शिरा केला. मी हसलो, खाल्ला, आणि रात्री अंथरुणावर उठून बसलो. तो जिवंत होता, तर मग हॉलमध्ये आलं होतं कोण?

पुढच्या वर्षी महालयानंतर तपनची आई गडियाहाटच्या बाजारात भेटली. ओळखून थांबली. मी धीर करून म्हटलं, "माँ, त्या दिवशी मी जे सांगितलं ते—"

"माहीत आहे," ती म्हणाली. "माझ्या हाताला तरी कुठे वारा लागला होता?"

"मग मला का विचारलंत?"

"माझं त्यांनी ऐकलं नसतं. परीक्षकाचं ऐकलं."

"पण मग कोण होतं ते?"

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "कुणाचा तरी मुलगा असेल. तो गेल्याचं त्याच्या आईला कुणी कळवलंच नसेल, मग पाणी कोण सोडणार? यंदा गंगेवर स्वपनच्या हातून त्याला पाणी सोडलं."

"नाव काय घेतलंत?"

"नाव कुठे माहीत होतं? 'जो आला होता, त्याला' — एवढंच म्हणाला."

आणि ती गर्दीत निघून गेली. ते कोण होतं, मला आजही सांगता येत नाही.