उणे दोन किलोचं बाळ

माझे धाकटे दीर वजनकाटे दुरुस्त करतात. चोवीस वर्षं झाली, पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं टेबल आहे आणि त्यावर कायम कुणाचा तरी काटा पोट उघडून पडलेला असतो. माणूस कमी बोलणारा, पण हाताला वजन कळणारा. जेवायला बसले की ताट आधी तळव्यावर तोलतात. एकदा घाईत भाजी कमी वाढली गेली तर म्हणाले, "वहिनी, आज वीस ग्रॅमनी रागावलात का?"

लग्न केलं नाही. सासूबाई होत्या तोवर त्यांनी डोकं खाल्लं. मग मी खाल्लं. त्यांचं एकच उत्तर, "जुळवलेला काटासुद्धा दरवर्षी तपासून घ्यावा लागतो वहिनी. एवढी तपासणी मला झेपायची नाही."

काटा दुरुस्त झाला की त्याच्या स्क्रूवर शिशाचं छोटं सील दाबतात. त्यावर त्यांची खूण असते. वजनमाप खात्याचा परवाना असेल त्यालाच ते दाबता येतं. तो परवाना म्हणजे त्यांची बायकापोरं, पेन्शन आणि अब्रू, सगळं एकच. चोवीस वर्षांत एक तक्रार नाही. मग बाळांच्या दवाखान्याचा काटा आला.

दवाखान्याचा फोन बंद पडला होता, म्हणून डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरला इंटरनेटसाठी डोंगल लावला, तो पेनाच्या टोपणाएवढा मोडेम असतो तो. बाळं तोलायचा काटा त्याच कॉम्प्युटरला केबलने जोडलेला, म्हणजे वजन आपोआप नोंदलं जातं. डोंगल लागला त्या दिवसापासून बाळांची वजनं बिघडली. सिस्टर काटा चालू करायच्या, बाळ ठेवायच्या, आकडा दिसायचा दोन किलो शंभर, आणि बघता बघता शून्य. बाळ तिथेच, पाय झाडत. उचललं की उणे दोन किलो शंभर. कॉम्प्युटरने इमानेइतबारे तेच नोंदवलं आणि खाली लाल अक्षरात छापलं, 'वजन अपेक्षेपेक्षा कमी. आईने आहार वाढवावा.'

त्या बाळाची आई रडतरडत विचारत होती, "आता किती पाजू म्हणजे निदान शून्य होईल?"

भाऊजींनी काटा घरी आणला. मापं ठेवून बघितली. चोख. परत नेला. परत शून्य. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा सिस्टर म्हणाल्या, "तुमच्या घरी गुणी असतो हो, आमच्याकडे आला की वाया जातो. सासर मानवत नाही त्याला." डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी खात्याला लेखी तक्रार केली. सोमवारी नोटीस आली: शुक्रवारी निरीक्षक दवाखान्यात येऊन काटा तपासतील, दोष आढळल्यास परवाना रद्द.

भाऊजींनी नोटीस वाचली, घडी घातली, आणि जेवताना ताट तोललं नाही. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

मंगळवारी सकाळी मी देवाला हात जोडून स्वयंपाकघरात वळले तर पुढच्या खोलीतून हाक आली, "वहिनी, पिठाचा डबा द्या जरा." त्यांनी काटा पहिल्यांदाच स्वतःच्या लॅपटॉपला जोडला होता, शेजारी स्वतःचा डोंगल. काटा चालू केला, डबा ठेवला. चार किलो दोनशे. आम्ही दोघं आकड्याकडे टक लावून. नऊ सेकंद झाली आणि डबा शून्य झाला.

मी म्हटलं, "अगंबाई! पीठ तर मी कालच भरलंय."

भाऊजींच्या तोंडावर नोटीस आल्यापासून पहिल्यांदाच हसू आलं. "वहिनी, काटा निर्दोष आहे. ह्याला कुणीतरी छळतंय."

दुपारपर्यंत त्यांनी छळणारा शोधला. त्यांच्या आणि दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर एकच. ते कुठल्या कंपनीचं नाही. जगभरातले लोक मिळून लिहितात, फुकट वाटतात, चूक सापडली तर कुणीही दाखवावी आणि सुधारून द्यावी. मला ही पद्धत फार आवडली. तर त्यात मोडेम सांभाळणारा एक भाग आहे. डोंगल असो वा नसो, केबलने काहीही नवीन जोडलं गेलं की तो जाऊन विचारतो, "तू मोडेम आहेस का?" दवाखान्यात हा भाग डोंगलसोबतच चालू केलेला. मोडेम असेल तर तो "हो" म्हणतो. काट्याला ही भाषा येत नाही. तो बिचारा गांगरतो आणि शून्यावर जाऊन बसतो. सिस्टर प्रत्येक बाळानंतर काटा बंद करून पुसतात, पुन्हा चालू करतात. म्हणजे प्रत्येक बाळाच्या वेळी काटा कॉम्प्युटरला नवाच, आणि प्रत्येक वेळी त्याची चौकशी.

मी म्हटलं, "एकदा नाही म्हणून सांगितलं तर पुरे नाही का?"

"नाही म्हणता येत नाही ना त्याला. तोच तर घोळ आहे."

सॉफ्टवेअरवाल्यांना त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत कळवलं. तासाभरात उत्तर आलं. उत्तर देणाऱ्याने फोटोच्या जागी घुबडाचं चित्र लावलं होतं, म्हणून आमच्या घरात ते घुबडराव झाले. घुबडराव सभ्य गृहस्थ, पण चिकित्सक. म्हणाले, एकदा झालेलं आम्ही मानत नाही. वीस वेळा करा. दर वेळी किती सेकंदांनी शून्य झालं ते लिहून पाठवा.

माझं अक्षर बरं, म्हणून वही माझ्याकडे आली. मी घड्याळ बघायचं, भाऊजींनी डबा ठेवायचा. आठ सेकंद, नऊ, नऊ, अकरा. हे ऑफिसमधून आले तेव्हा आमची सतरावी खेप चालू होती. दारातच उभे राहून म्हणाले, "पिठाची परीक्षा आहे का?"

"गप्प बसा," मी म्हटलं. "नववा सेकंद चुकवलात."

वीस आकडे गेले. घुबडरावांचं उत्तर: आभारी आहे, पण डबा स्थिर असतो, बाळं हलतात. हलत्या वजनावरही हेच होतं का?

शेजारच्या काकूंचं मांजर मी पदराखाली घालून आणलं. लबाडी झाली खरी, देवाची क्षमा मागितली, पण काकूंना समजावायला लागलं असतं तर शुक्रवार उलटला असता. वहीत आजही ती ओळ आहे: 'मांजर, तीन किलो आठशे दहा. नवव्या सेकंदाला मांजर शून्य. मांजर उतरल्यावर उणे तीन किलो आठशे दहा. भाऊजींच्या हातावर दोन ओरखडे.'

घुबडरावांनी विचारलं, "मांजर ठीक आहे ना?" ओरखड्यांबद्दल चकार शब्द नाही.

पण त्यांची खात्री पटली. ह्या काट्याच्या केबलला एक ठरावीक क्रमांक असतो, म्हणाले. 'ह्या क्रमांकाला प्रश्न विचारू नये' अशी सॉफ्टवेअरमध्ये घालायची एक ओळ त्यांनी पाठवली. ती आधी दवाखान्यात लावून बघा, डोंगल नीट चालतोय हेही तपासा, मग आम्ही ती सगळ्यांसाठी घेऊ.

बुधवारी भाऊजी ओळ घेऊन गेले आणि घाईत क्रमांक घालायचाच विसरले. उरलं काय, तर 'प्रश्न विचारू नये'. कुणालाच. काटा एकदम ताळ्यावर आला. बाळ दोन किलो दोनशे, मिनिटभर दोन किलो दोनशे. सिस्टरनी टाळी वाजवली. आणि आतून डॉक्टरीणबाई ओरडल्या, "इंटरनेट कुठे गेलं?" डोंगललाही कुणी विचारलं नव्हतं, मग तो आपणहून कशाला सांगतोय! मोडेम असूनही बसला गप्प.

"तुम्ही ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एक दुरुस्त करायला येता आणि दुसरं मारून जाता. शुक्रवारी साहेबांनाच सांगते."

भाऊजी घरी आले ते पाण्याचा तांब्या घेऊन तसेच बसून राहिले. मी वही उघडली, घुबडरावांची ओळ बोटाने वाचली आणि विचारलं, "हा आकडा तुमच्या ओळीत कुठाय?" मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण शाळेत शुद्धलेखनाला पैकीच्या पैकी होते. गाळलेलं दिसतं मला. गुरुवारी आकडा घातला. काटा गप्प, डोंगल बोलका. वीस खेपा केल्या, सिस्टरनी सेकंद मोजले. सगळं घुबडरावांना कळवलं.

शुक्रवारी मीही गेले. निरीक्षक साहेब उंच, इस्त्रीचे, हातात मापांची लाकडी पेटी. म्हणाले, "नोंद मी माझ्या लॅपटॉपवर घेतो. नियमच आहे." आणि आम्ही काही बोलायच्या आत काट्याची केबल दवाखान्याच्या कॉम्प्युटरमधून काढून स्वतःच्या लॅपटॉपला लावली. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. लॅपटॉपच्या कुशीत डोंगल लुकलुकत होता आणि पडद्यावर तेच फुकटचं सॉफ्टवेअर होतं.

साहेबांनी दोन किलोचं सरकारी माप ठेवलं. दोन किलो. मी मनात मोजू लागले. नवव्या सेकंदाला सरकारी माप शून्य झालं.

साहेबांनी माप उचललं, उणे दोन. पुन्हा बंद, चालू. पुन्हा नऊ सेकंद, पुन्हा शून्य. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बघा! मी म्हणत नव्हते?"

"साहेब," भाऊजी म्हणाले, "तुमचा कॉम्प्युटर काट्याला विचारतोय, तू मोडेम आहेस का."

"आणि काटा काय म्हणतो?"

"तो लाजेने शून्य होतो."

साहेबांनी फॉर्म काढला. त्यात दोनच रकाने होते, 'काटा सदोष' आणि 'माप सदोष'. माप सदोष लिहावं तर ते सरकारी, त्याच्यावर राजमुद्रा. काटा सदोष लिहायला पेन टेकवलं तेवढ्यात मी पुढे झाले आणि वही त्यांच्यासमोर ठेवली. देवाचं नाव घेतलं आणि म्हटलं, "साहेब, परवाना एका सहीने जाईल, पण भाऊजींची चोवीस वर्षं जातील. तेवढी तीन पानं वाचा."

त्यांनी वाचली. पीठ वाचलं. मांजरापाशी थांबले. "हे मांजर कुणाचं?"

"शेजारच्या काकूंचं. त्यांना माहीत नाही."

"हं," म्हणाले आणि लॅपटॉप भाऊजींकडे सरकवला. "घाला तुमची ती ओळ. एकच संधी."

भाऊजींनी ओळ घातली. ह्या वेळी आकडा मी मोठ्याने वाचून दाखवला. माप ठेवलं. नऊ सेकंद. दहा. वीस. सिस्टर ओठ हलवत मोजत होत्या. पूर्ण एक मिनिट दोन किलो म्हणजे दोन किलो. डोंगलही चालू. साहेबांनी उरलेली सगळी मापं ठेवून बघितली, एक ग्रॅम हलला नाही. मग त्यांनी दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर बारीक अक्षरात लिहिलं, 'काटा निर्दोष. काट्यास बाहेरून त्रास दिला जात होता. परवाना कायम.' आणि सही केली.

डॉक्टरीणबाईंनी तक्रार मागे घेतली. माफी नाही मागितली, पण भाऊजींना बसायला खुर्ची दिली, आजवर उभंच ठेवत होत्या.

निघताना साहेब दारात घुटमळले. आवाज खाली आणून म्हणाले, "सोमवारी कार्यालयात येता का? गेले दोन महिने आम्ही ह्याच लॅपटॉपने तपासण्या करतोय. एकतीस काटे जप्त करून ठेवलेत."

भाऊजी माझ्याकडे वळले. "वहिनी," म्हणाले, "वही घ्या बरोबर. मांजर नको."